लांबच्या सायकलप्रवासात हॉस्टेलमध्ये भेटणारे सायकलस्वार : समोरून येणारे आणि आपल्याच दिशेने जाणारे

माळवी_पायडल (इंदूर)

सायकल कोणती घ्यावी, दिवसाला किती किलोमीटर कापावेत, सामान किती न्यावे यांवर येथे पुष्कळ लिहून झाले आहे. हा धागा निराळ्या विषयासाठी काढला आहे. लांबच्या प्रवासात आपण हॉस्टेलमध्ये उतरतो, तेथे आपल्यासारखेच दुसरे सायकलस्वार भेटतात. पण त्यांच्याशी ओळख कशी आणि किती ठेवावी, याचा विचार करून कोणी घरून निघत नाही. इंदूरहून धुळे–नाशिकमार्गे कोकणात उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत गेल्यावर माझे जे मत झाले ते असे : समोरून येणाऱ्या सायकलस्वाराशी जितके बोलता येईल तितके बोलून घ्यावे, आणि आपल्याच दिशेने निघालेल्याबरोबर संध्याकाळ मजेत घालवून सकाळी आपापल्या वेळेला निघावे. हे सगळ्यांना पटणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

गोकर्णच्या एका हॉस्टेलच्या अंगणात मला आधी एक सायकल दिसली आणि तिचा मालक नंतर. आपल्या जमातीला ही खोडच असते. माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी आपण टायरकडे पाहतो. मागचा टायर मधोमध सपाट झिजलेला होता, म्हणजे ओझे लादून डांबरावरून बराच चाललेला. बाजूच्या पिशव्यांच्या शिवणींत तांबडी माती बसली होती. मालक त्रिशूरकडचे निघाले, पन्नाशी ओलांडलेले, कोचीहून उत्तरेकडे निघालेले. नावगाव विचारण्याआधीच त्यांनी माझी वही मागून घेतली आणि पेन्सिलीने लिहावयास सुरुवात केली : कोचीत महामार्गाने शिरू नका, चेराईवरून व्हायपीन बेटाच्या रस्त्याने सरळ दक्षिणेला या, बेटाच्या टोकाला रो-रो बोट मिळते आणि ती सायकलीसकट तुम्हांला फोर्ट कोचीत उतरवते. नकाशावर हा रस्ता दिसत नव्हता असे नाही. पण फोनवरचे नकाशे आपल्याला महामार्गाकडेच ढकलतात, आणि कोणता रस्ता सायकलला मानवतो हे त्यावरून आदल्या दिवशी गेलेल्यालाच ठाऊक असते. त्याच्या बदल्यात मी त्यांना आपल्या कोकणातल्या खाड्यांचा हिशेब दिला. ते चिपळूणवरून महामार्गाने मुंबईकडे जाणार होते. मी त्यांना जयगडहून तवसाळ, धोपाव्याहून दाभोळ, वेसवीहून बागमांडला आणि दिघीहून आगरदांडा अशा फेरीबोटी त्यांच्या दिशेच्या क्रमाने लिहून दिल्या. प्रत्येक खाडीला वळसा घालून पुलापर्यंत जाण्याचे किती श्रम त्या वाचवतात, हे कोकणात सायकल चालवलेल्यालाच कळेल. पुढे त्यांची माझी भेट झाली नाही, फोनही झाला नाही. त्याची चुटपुटही लागली नाही.

समोरून येणाऱ्याकडून वस्तूही मिळतात. त्याचा जो भाग संपला तो आपला सुरू व्हायचा असतो, म्हणून त्याला नकोसे झालेले नेमके आपल्याला हवे असते : पुढच्या राज्याचा कागदी नकाशा, डासांची अर्धी वापरलेली ट्यूब, कन्नड लिपीत लिहून घेतलेली चार वाक्ये. आपल्याच दिशेने जाणाऱ्याला यांतले काही सोडून देणे परवडत नाही, आणि त्याच्याकडे रस्त्याची माहितीही आपल्याइतकीच ऐकीव असते.

आता त्या दुसऱ्या प्रकाराकडे वळतो. रात्री गप्पा रंगल्या की 'उद्या बरोबरच निघू या' असे कोणीतरी म्हणतेच. सपाटीवर एकाचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि दुसऱ्याचा १८ असेल तर ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण ८० किलोमीटरच्या टप्प्याला पहिल्याला पाच तास वीस मिनिटे लागतात आणि दुसऱ्याला साडेचार तासही लागत नाहीत. शिवाय एकाला दर गावी चहा लागतो आणि दुसऱ्याला एकदा बसले की पाय जड होतात. चढावर पुढे गेलेला माणूस वर थांबून राहतो, घाम वाळून गार पडतो; मागचा धापा टाकत वर पोहोचतो तेव्हा पुढच्याची निघायची घाई झालेली असते. दुपारपर्यंत दोघेही एकमेकांवर मनातल्या मनात चरफडत असतात. आदल्या संध्याकाळची चांगली ओळख अशी वाया घालवण्यापेक्षा पुढच्या गावी पुन्हा भेटण्याचे ठरवून वेगळे निघावे.

एक गमतीची अडचणही नोंदवून ठेवतो. पुष्कळ हॉस्टेले त्याच शहराचे ओळखपत्र असलेल्याला खाट देत नाहीत. त्यामुळे इंदूरकराला परगावच्या सायकलस्वारांबरोबर राहण्याचा योग सगळीकडे येतो, इंदुरात तेवढा येत नाही. येथे आलेल्यांना भेटावयाचे तर त्यांना सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, खायला घेऊन जाणे हाच मार्ग उरतो, आणि तो काही वाईट मार्ग नाही.

आपापले अनुभव लिहावेत.

क्षिप्रातीर (उज्जैन, सध्या इंदूर)

पायडलदादा, लेखातला व्हायपीनचा रस्ता वहीत उतरवून घेतला. तुमच्या सिद्धान्ताशी मात्र मी सहमत नाही, कारण तो पुरुषाच्या प्रवासावर बेतलेला आहे.

मी एकटी सायकल चालवते. मिश्र खोलीत उतरण्याची वेळ आली तर उतरते, पण शक्यतो बायकांची खोली असलेले हॉस्टेलच निवडते, आणि ते केवळ सुरक्षिततेसाठी नव्हे. कोणत्या पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृह खरोखर उघडे असते आणि कोठे किल्ली मागण्यासाठी चार पुरुषांसमोर उभे राहावे लागते, कोणत्या लॉजच्या दाराची आतली कडी ढिली आहे, कोणत्या गावात भर दुपारी विहिरीवर बायका बसलेल्या असतात आणि सावलीत थांबता येते, ही माहिती मला आजवर कोणत्याही पुरुष सायकलस्वाराकडून मिळालेली नाही. त्यांना ती लागत नाही, म्हणून ती त्यांच्या नजरेतच येत नाही. ही माहिती सायकलवालीकडूनच मिळाली पाहिजे असेही नाही; बसने फिरणारी मुलगीसुद्धा ती देते.

दुसरी गोष्ट. 'उद्या कोठे मुक्काम?' हा सायकलस्वारांमधला अगदी साधा प्रश्न समजला जातो. मी त्याचे उत्तर देत नाही. सार्वजनिक बैठकीत, दहा लोक ऐकत असताना, एकट्या बाईने आपला उद्याचा रस्ता, निघण्याची वेळ आणि मुक्काम सांगून टाकणे योग्य नाही. मी कालचा टप्पा सांगते. काल कोठून निघाले, वाटेत काय लागले, कोठे कुत्री मागे लागली हे वाटेल तितके सांगते. विचारणाऱ्याचा हेतू सरळ असेल तर त्याचे कालच्या टप्प्यावर समाधान होते, आणि जो उद्याचेच खोदून खोदून विचारतो त्याच्याविषयी आपल्याला काही कळून येते. या अर्थाने पाहिले तर समोरून येणारा माझ्याही सोयीचा आहे, कारण त्याला माझा कालचा रस्ता हवा असतो आणि उद्या तो माझ्यापासून दूर जात असतो.

मात्र आपल्याच दिशेने जाणारी दुसरी बाई भेटली तर मी वेगाचा हिशेब करीत बसत नाही. ट्रकांच्या रहदारीचा किंवा निर्मनुष्य असा एखादा टप्पा दोघींनी मिळून काढला, तर तासभर उशीर होण्याची किंमत मी आनंदाने मोजते. तुमची ती मनातली चरफड आम्हांला परवडते.

इंदुरी_पोहे

अत्यंत उपयुक्त धागा. दिवाळीनंतर इंदूर ते कोची असाच बेत आहे आणि हॉस्टेलमध्ये कधी उतरलेलो नाही. सायकल खोलीत घेऊ देतात का? आणि घोरणाऱ्यांचे काय करतात?

माळवी_पायडल (इंदूर)

पोहेजी, खोलीत सहसा घेऊ देत नाहीत. अंगणात किंवा जिन्याखाली जागा देतात. खाट आरक्षित करण्याआधी फोन करून एवढेच विचारावे की रात्री सायकल कुलपाच्या आत राहील ना. घोरणाऱ्यांवर कापसाच्या बोळ्यांपलीकडे उपाय नाही. ८० किलोमीटर चालवून आलेला माणूस तसाही त्यांच्या आधीच घोरू लागतो.

क्षिप्राताई, तुमचा मुद्दा पूर्णपणे मान्य. कालचा टप्पा सांगण्याची रीत तर सगळ्यांनीच उचलावी अशी आहे. कालचे माणूस पाहून आलेला असतो, उद्याविषयी तो नुसती बढाई मारतो.

रामबागकर

नर्मदे हर. मी वयाने येथील बहुतेकांपेक्षा मोठा आहे आणि माझा प्रवास हॉस्टेलचा नव्हे, आश्रम आणि धर्मशाळांचा. निवृत्तीनंतर सायकलने नर्मदा परिक्रमा केली. विषय जवळचा आहे म्हणून लिहितो.

पायडल यांचा समोरून येणारा माणूस परिक्रमेत भेटतच नाही. नर्मदामाई कायम उजव्या हाताला ठेवावयाची आणि तिचे पात्र ओलांडावयाचे नाही, हा नियम आहे. ओंकारेश्वरहून उचललेली परिक्रमा दक्षिण तटाने पश्चिमेकडे जाते, समुद्रापाशी नावेने पलीकडे होते, उत्तर तटाने अमरकंटकापर्यंत चढते आणि उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वरला येते. नदीच १३१२ किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही तट मिळून त्याच्या दुपटीहून अधिक चाल. या एवढ्या वाटेवर हजारो माणसे असतात आणि सगळ्यांची तोंडे एकाच बाजूला. पुढच्या मुक्कामी जागा आहे का, पुढचा नाला उतरला का, हे सांगणारा समोरून कोणी येत नाही. मग बातमी येते कोठून? पुढे गेलेले परिक्रमावासी मागच्या आश्रमाला फोन करतात. सेवेकरी ते ऐकून ठेवतात आणि संध्याकाळी आरतीनंतर, पंगत बसण्याआधी, नव्याने आलेल्यांना सांगतात. मी प्रत्येक ठिकाणी आधी स्वयंपाकघराकडे जात असे. भाजी चिरावयास बसले की पुढच्या तीन मुक्कामांची खडान्‌खडा माहिती मिळते. हॉस्टेलातही सामाईक स्वयंपाकघर असते असे ऐकतो. तेथेही हेच होत असावे.

सायकलवाल्याची खरी अडचण निराळी आहे. पायी चालणारे दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालतात. त्यांचा वेग सारखा, मुक्काम सारखे, त्यामुळे तीच माणसे त्यांना आठवडेच्या आठवडे रोज संध्याकाळी भेटतात. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या घरी लग्न आहे, कोण रात्री उठून जप करतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. आजारी माणसाची पडशी दुसरा उचलतो. मी सत्तर-ऐंशी किलोमीटर पुढे निघून जात असे, म्हणजे ज्याला आज भेटलो त्याला पुन्हा कधी भेटणार नाही हे ठरलेलेच. मंडलेश्वरच्या पुढे एका आश्रमात सातारकडच्या एक आजी भेटल्या. पायांना फोड आलेले, एरंडेल लावून बसलेल्या. माझ्या सायकलीकडे पाहून म्हणाल्या, 'तुम्ही लवकर पोहोचाल, पण भेटाल कोणाला?' मी त्यांच्याशी वाद घातला नाही, आणि सायकलही सोडली नाही.

पायडल यांनी माहितीला इतके महत्त्व दिले आहे ते बरोबरच आहे. परंतु माहितीपुरती ओळख आणि माणसाची ओळख यांत वेगाचा संबंध येतो, एवढे मला नोंदवावेसे वाटले.

डॅन्यूबकाठचा_इंदूरकर (म्युनिक)

काकांचा प्रतिसाद वाचून राहवले नाही. युरोपात अगदी तुमच्या परिक्रमेसारखा एकदिश रस्ता आहे आणि त्यावर सगळे सायकलनेच जातात, त्यामुळे काका म्हणतात ती अडचण तेथे उरत नाही.

जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाने सायकलसाठी स्वतंत्र वाट आहे, सुमारे ३२० किलोमीटरची. नदी पूर्वेकडे उतरत जाते आणि वाराही बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणून जवळजवळ सगळे पासाऊहूनच निघतात आणि परत येताना सायकल आगगाडीत घालतात. वाट सपाट असल्याने धडधाकट आणि बेताचे यांच्या वेगात घाटासारखी तफावत पडत नाही, आणि मुक्कामाची गावेही ठरलेली : लिंझ, मेल्क, क्रेम्स. परिणाम असा, की पहिल्या संध्याकाळी जे चेहरे दिसले तेच दुसऱ्या, तिसऱ्या संध्याकाळी दिसतात. पहिल्या दिवशी केवळ मान हलवून नमस्कार होतो. दुसऱ्या दिवशी ओले मोजे वाळत घालण्याच्या दोरीवरून बोलणे सुरू होते. वाखाऊच्या खोऱ्यात शिरेपर्यंत जर्दाळूची पिशवी टेबलावर मधोमध ठेवून सहाजण बसलेले असतात आणि कोणी कोणाला निमंत्रण दिलेले नसते. दिवसा मात्र जो तो आपला आपण. कोणी नावेने पलीकडच्या काठाला जातो, कोणी मठ पाहत थांबतो. म्हणजे पायडल यांचे 'संध्याकाळ एकत्र, दिवस वेगळा' हे सूत्र येथे आपोआप पाळले जाते. पण आपल्याच दिशेने जाणाऱ्याशी ओळख वाढत नाही, हे म्हणणे टिकत नाही. उलट तिसऱ्या संध्याकाळची ओळख समोरून आलेल्याशी कधीच होणार नाही.

स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावर काकांचीच तक्रार पुन्हा ऐकू येते. तेथे पायी यात्रेकरूला १०० किलोमीटर चालल्यावर आणि सायकलस्वाराला २०० किलोमीटर चालवल्यावर प्रमाणपत्र मिळते. यात्रेकरूंच्या सार्वजनिक निवासांत आधी पायी येणाऱ्यांना खाटा देतात. सायकलवाल्यांनी उरल्या तर घ्यावयाच्या. बाहेर बाकावर ताटकळत बसलेल्या सायकलवाल्यांची मग आपसांत गट्टी जमते.

जाता जाता, हॉस्टेलची कल्पनाही मुळात पायी भटकणाऱ्यांसाठीच निघाली. रिशार्ड शिरमान नावाच्या जर्मन शिक्षकाला ती १९०९ साली मुलांबरोबरच्या पायी सहलीत सुचली, आणि १९१२ मध्ये अल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे युवा वसतिगृह सुरू झाले. तेथल्या लांबलचक टेबलांवर अनोळखी माणसांना शेजारी बसावेच लागते. माझ्या मते ओळखी होण्याचे अर्धे श्रेय टेबलाच्या लांबीला आहे. ज्या नव्या हॉस्टेलांत दोघादोघांची छोटी टेबले मांडलेली असतात, तेथे लोक फोन काढून बसतात.

सुटे_भाग (इंदूर)

दिशेची चर्चा छान चालली आहे, पण प्रत्यक्ष अडचण आली की माणूस कोणत्या दिशेला जातो हे पाहिले जात नाही, त्याच्या चाकाचे माप पाहिले जाते.

गेल्या हिवाळ्यात येथील एका हॉस्टेलमध्ये एक परदेशी जोडपे अडकले होते. मला कोणीतरी निरोप दिला म्हणून गेलो. त्यांच्या चाकांत प्रेस्टा व्हॉल्व्हच्या ट्यूबा होत्या. प्रेस्टासाठी रिमला साडेसहा मिलिमीटरचे भोक असते. मोटारगाडीसारख्या श्रेडर व्हॉल्व्हला साडेआठचे लागते. आपल्या बाजारात सहज मिळणारी जाड व्हॉल्व्हची ट्यूब त्या भोकात शिरतच नाही. बाईंनी जुनी ट्यूब माझ्यापुढे धरली, तर व्हॉल्व्हच्या मुळाशीच चिरली होती. तेथे ठिगळ बसत नाही. रिमचे भोक कानशीने मोठे करणे हा एक इलाज, पण तो त्यांच्या नवऱ्याला मंजूर नव्हता, आणि त्यात मला त्याचे काही चुकले असे वाटत नाही. कुरियरने ट्यूब मागवली तर तोवर मुक्काम वाढणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उज्जैनहून पुण्याचा एक मुलगा आला. त्याच्या सीटखालच्या पिशवीत त्याच मापाच्या दोन प्रेस्टा ट्यूबा. त्याने एक दिली. पैसे घेईना, तेव्हा नवऱ्याने त्याला साखळीची झटपट जोडकडी दिली. ती दहा गिअरची होती आणि मुलाची साखळीही दहाचीच, हे आधी पाहून घेतले. नऊ किंवा अकराची असती तर तिचा उपयोग झाला नसता. हा सगळा व्यवहार जिन्याखाली बॅटरीच्या उजेडात झाला. मग चौघे मिळून सराफ्यात गेलो आणि गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ला. त्यावरचा जिरावण मसाला बाईंना इतका आवडला की त्यांनी पुडी बांधून घेतली.

तेव्हा हॉस्टेलमध्ये पोहोचल्यावर नाव नंतर सांगा, आधी आपला टायर आणि व्हॉल्व्ह कोणता ते सांगा. निघताना सामाईक खोलीतल्या फळ्यावर 'अमुक मापाची ट्यूब जास्तीची आहे' एवढे लिहून ठेवणे दोन मिनिटांचे काम आहे.

घाटावरचे_घर (महेश्वर)

आमच्याकडे महेश्वरात पाहुण्यांसाठी चार खोल्या आणि एक सामाईक दालन आहे. हॉस्टेल म्हणा, घर म्हणा. सायकलवाले पुष्कळ येतात, म्हणून यजमानाच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

पहिली परदेशी पाहुण्यांबद्दल. परदेशी माणूस उतरला की २४ तासांच्या आत त्याचा नोंदणीचा फॉर्म ऑनलाइन भरून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला पाठवावा लागतो. लहान गावातले लॉजवाले या कटकटीत पडत नाहीत आणि सरळ 'जागा नाही' म्हणतात. त्या माणसाला अंधार पडत असताना पुढच्या मोठ्या गावापर्यंत पायडल मारत जावे लागते. म्हणून जी थोडी ठिकाणे हा फॉर्म भरतात, तेथेच सगळे परदेशी सायकलस्वार गोळा झालेले दिसतात. पाहणाऱ्याला वाटते की हे हॉस्टेल सायकलवाल्यांत फार प्रसिद्ध आहे.

दुसरी गोष्ट समोरून येणाऱ्याच्या माहितीबद्दल, आणि ती पायडल यांनी थोडी जपून घ्यावी. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि आमचा नर्मदेकाठचा घाट दीडशेच्या आसपास. महूवरून विंध्यातल्या जाम दरवाजाच्या बाजूने जो खाली उतरून येतो तो सायंकाळी प्रसन्न असतो आणि म्हणतो, 'रस्ता अप्रतिम, काही त्रास नाही.' आमच्याच दालनात त्याच्यासमोर दक्षिणेकडून आलेला, उद्या इंदूरला निघणारा माणूस बसलेला असतो आणि तो ते खरे धरून सकाळी नऊला निघतो. चारशे मीटरचा चढ त्याला भर उन्हात गाठतो. सांगणारा खोटे बोललेला नसतो. त्याने उताराचा अनुभव सांगितलेला असतो. म्हणून आमच्या ओटीवर असे बोलणे चालू असले की मी मध्ये तोंड घालतो. रस्त्याचा पृष्ठभाग, पाणी, दुकाने, कुत्री यांबद्दल समोरच्याचे ऐकावे. श्रम आणि वेळ यांबद्दल त्याचे ऐकूच नये. वाऱ्याचेही तसेच. त्याला पाठीवर होता तो तुम्हांला छातीवर येणार.

माळवी_पायडल (इंदूर)

यजमानांनी सांगितलेली ही गाळणी आवश्यक आहे. गोकर्णच्या त्या गृहस्थांनी मला फक्त वाटा आणि बोटी सांगितल्या होत्या, किती वेळ लागेल याबद्दल अक्षर काढले नव्हते. ते त्यांनी जाणून केले होते असे आता वाटते.

म्युनिककरांच्या तिसऱ्या संध्याकाळीबद्दल : नदीकाठच्या सपाट वाटेवर ते घडते हे मान्य. कोकणात एकाच दिवसात चार खिंडी आणि दोन खाड्या लागल्या की सकाळचे सोबती रात्री तीन निरनिराळ्या गावांत असतात. तेथे संध्याकाळी पुन्हा भेट व्हावयाची तर ठरवूनच व्हावी लागते, आणि ठरवले की उशीर झालेला माणूस अंधारात सायकल दामटतो. म्हणून मी मुक्काम ठरवत नाही, बोटीची वेळ ठरवतो. सकाळच्या अमुक बोटीला धक्क्यावर भेटू. चुकली तर चुकली.

क्षिप्रातीर (उज्जैन, सध्या इंदूर)

धक्क्यावर भेटण्याची युक्ती मलाही पटली. उघडी जागा, चार माणसे, आणि मुक्काम कोणाला सांगावा लागत नाही.

इंदुरी_पोहे

सर्वांचे आभार. मग समोरून येणारा भेटला तर त्याला नेमके काय विचारू? मला अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करता येत नाही. आणि महेश्वरच्या काकांना प्रश्न : पहिला मुक्काम आपल्याकडे केला तर इंदूरचे आधार कार्ड चालेल का?

सुटे_भाग (इंदूर)

त्याच्या सायकलीशेजारी आपली लावा आणि साखळी पुसायला बसा. तोच बोलायला येईल. आला की आधी रस्त्याचे काम कोठे चालू आहे ते विचारा, मग पाणी कोठून कोठपर्यंत मिळत नाही ते, मग कुत्री.

रामबागकर

आणि जेवला आहे का, हे त्याही आधी विचारावे.

घाटावरचे_घर (महेश्वर)

पोहे, आमचा जिल्हा खरगोन, तुमचा इंदूर. आधार कार्ड खुशाल चालेल. जाम दरवाजाच्या उतारावर ब्रेक सलग दाबून धरू नका, वळणाआधी दाबून सोडत या, नाहीतर रिम तापते. वेगळा पंप आणू नका. ओसरीवर उभा पंप आहे आणि त्याला प्रेस्टा व श्रेडर दोन्ही तोंडे आहेत. दुसऱ्या दिवशी धामनोदवरून सेंधव्याकडे निघाल तेव्हा उजाडताच निघा, ट्रक कमी असतात. खाट धरून ठेवायची असेल तर तारीख येथे लिहू नका, वैयक्तिक निरोप पाठवा.